पहिली बार्बी (१९५९): आधी तळवे बघा, चेहरा नंतर

जुनी बार्बी हातात आली की बहुतेक जण आधी चेहरा न्याहाळतात. ‘नंबर वन’, म्हणजे अगदी पहिल्या खेपेची, म्हणून विकायला आलेली असेल तर तिला उलटी करा. ९ मार्च १९५९ ला मॅटेल कंपनीने न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ही बाहुली मांडली तेव्हा किंमत होती ३ डॉलर आणि उंची साडेअकरा इंच. त्या पहिल्या खेपेच्या दोन्ही तळव्यांना भोक आहे, आणि भोकात तांब्याची नळी बसवलेली आहे. काळ्या हिल्सच्या तळालाही भोक आणि गोल काळ्या स्टँडवर दोन खुंट्या. खुंटी चपलेतून थेट पायात शिरते.

एवढा खटाटोप का, हे तिच्या मूळ नमुन्याकडे पाहिलं की कळतं. जर्मन लिली बाहुलीचे बूट पायासकटच घडवलेले होते. बार्बीची पादत्राणं काढता-घालता येतात, म्हणजे पाय आणि चप्पल दोन्हींना भोक हवं. युक्ती देखणी, पण टिकली नाही. नंबर दोनच्या, म्हणजे पुढच्या खेपेच्या, पायांना भोकं नाहीत (संग्राहक पुढच्या खेपांनाही असेच क्रमांक देतात). तिचा स्टँड तारेचा, काखेत धरणारा. चेहरा मात्र तोच, पांढरी बुब्बुळं आणि टोकदार भुवया. त्यामुळे नंबर दोनचे तळवे टोकरून तिला नंबर एक म्हणून खपवण्याची लबाडी चालते. भोकात धातूची कड दिसत नसेल, कडा ओबडधोबड असतील, तर सौदा तिथेच थांबवा. पार्श्वभागावरच्या शिक्क्यात रोमन आकड्यांत १९५८ आहे म्हणून हुरळून जाऊ नका. ते वर्ष स्वामित्वहक्काचं आहे आणि नंतरच्या बाहुल्यांवरही तेच सापडतं.

आता पोशाख. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, खांद्यावर पट्टी नसलेला विणीच्या कापडाचा स्विमसूट. तो फक्त वरच्या कडेच्या ताणावर टिकतो, आणि बिघडतोही तिथेच. कड सैल झाली की सूट छातीवरून घसरतो. मग लोक मागून टाचणी लावतात आणि विणीत भोक पाडून ठेवतात. विक्रेत्याने फक्त समोरचा फोटो दिला असेल तर पाठीचा मागा. पांढरे पट्टे पिवळट पडणं वयाला साजेसंच आहे. ते उजळवायला ब्लीच वापरला तर काळे पट्टे तपकिरी होण्याची भीती, म्हणून पिवळेपणा चालवून घेतलेला बरा.

गॉगल पांढऱ्या फ्रेमचा, निळ्या काचांचा, कोपरे वर उचललेले. काड्या इतक्या बारीक की मोडलेली काडी डिंकाने चिकटवलेला गॉगल वारंवार दिसतो. सांधा उजेडात धरून बघा, चकाकणारी रेघ दिसली तर तो जोडलेला आहे. हिल्स मऊ प्लॅस्टिकच्या, पुढून उघड्या. वर्षानुवर्षं पायात राहिल्या तर ताणून चिरतात, आणि भोक असलेला अस्सल जोड वेगळा मिळवणं म्हणजे खिशाला कात्रीच. स्टँडचंही तेच. पूर्ण संच म्हणून विकत असतील तर चपला, स्टँड, गॉगल, कानातलं हे चारही जिन्नस वेगवेगळे तपासा.

कानातल्या सोनेरी रिंगा दिसायला गोड, पण बाहुलीचा सगळ्यात मोठा शत्रू त्याच. धातू गंजतो, त्यातलं तांबं व्हिनाइलमध्ये, म्हणजे बाहुलीच्या अंगाच्या प्लॅस्टिकमध्ये, उतरतं आणि कानाभोवती हिरवा डाग पसरतो. संग्राहक याला ‘ग्रीन इअर’ म्हणतात. डाग वरवरचा नसतो, आत मुरलेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. मुरुमांवर लावायचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम कापसावर घेऊन फक्त डागावर ठेवतात, वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म, आणि दिवसादोन दिवसांनी बदलत राहतात. आठवडे जातात. आजूबाजूचं व्हिनाइल फिकट होऊ शकतं. गालाच्या किंवा ओठांच्या रंगाला मलम लागलं तर रंगही जाईल. हिरवेपणा पुन्हा डोकं वर काढतो, तेही धरून चाला. रिंगा काढून वेगळ्या डबीत ठेवणं हा खरा इलाज.

घडणीत मात्र ही बाहुली कपड्यांच्या पासंगालाही पुरत नाही. अंग भरीव, हाताला जड. सांधे पाचच: मान, दोन खांदे, दोन मांड्या. गुडघा वाकत नाही (ती सोय १९६५ मध्ये आली), कंबर वळत नाही. त्याहून मोठी खोट व्हिनाइलची. मुळातला गव्हाळ रंग उडून अंग हस्तिदंतासारखं पांढरं पडतं. म्हणून फिकी बाहुली खराब समजू नका. उलट छान तांबूस अंगाची ‘नंबर वन’ दिसली तर शंका घ्या. रंग टिकवणारं व्हिनाइल नंबर चारपासून आलं, आणि पोकळ, हलकं अंग १९६१ च्या नंबर पाचपासून. मानेच्या कडेला चीर आहे का, तेही पाहा. त्यासाठी डोकं ओढून काढायला जाऊ नका, त्यानेच चीर वाढते.

कपड्यांचं श्रेय डिझायनर शार्लट जॉन्सनचं. जपानात शिवून घेतलेल्या त्या छोट्या पोशाखांना अस्तर, टिचबटणं, इवलीशी चेन सगळं आहे. १९६० चा ‘सोलो इन द स्पॉटलाइट’ (क्रमांक ९८२) बघा: चमचमता काळा गाऊन, तळाला जाळीची झालर, लाल गुलाब, लांब हातमोजे, चार सरांची माळ, गुलाबी रुमाल आणि मायक्रोफोन. रुमाल आणि माळ हमखास गहाळ असतात.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत ठेवायची असेल तर हवाबंद प्लॅस्टिक पिशवी नको. आम्लविरहित टिश्यू, सिलिका जेलची पुडी, उन्हापासून दूर. गॉगल चेहऱ्यावर चढवून ठेवू नका. व्हिनाइलमधलं तेलकट द्रव्य कडक प्लॅस्टिकला चिकटवतं. पोनीटेलचा जुना रबर सुकून केसांना चिकटला असेल तर कापा, ओढू नका, आणि कपाळावरच्या कुरळ्या बटा धुवायच्या भानगडीत पडू नका.

फक्त काचेच्या कपाटात तो पट्ट्यांचा सूट दिसायला हवा असेल, तर १९९४ ची पस्तिसाव्या वर्षाची प्रतिकृती घ्या. ती कितीतरी स्वस्त पडते आणि हाताळताना छातीत धडधडत नाही.