शाखा मागे पडली: मर्ज की रिबेस?
गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) तुमची पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुमच्या शाखेतले बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती, पडून राहिली आणि मुख्य शाखा पुढे गेली, की दोन वाटा उरतात. मर्जमध्ये मुख्य शाखा तुमच्या शाखेत मिसळते; जुने कमिट (नोंदवलेले बदल) जसेच्या तसे राहतात, कॉन्फ्लिक्ट (एकाच जागचे आपसात न जुळणारे बदल) एकदाच सोडवायचे. पण दर वेळी दोन शाखा जोडणारा एक मर्ज कमिट वाढतो.

रिबेसमध्ये तुमचे कमिट मुख्य शाखेच्या टोकावर एकेक करून पुन्हा रचले जातात. इतिहास सरळ, तपासणाऱ्याला सोपा. मात्र हॅश (कमिटच्या ओळखखुणा) बदलतात, म्हणून शाखा आधी सर्व्हरवर गेली असेल तर साधा पुश (सर्व्हरवर पाठवणं) नाकारला जातो. तिथे सर्व्हरवरची शाखा बेधडक बदलणारा नुसता ‘फोर्स’ नको; तिथे कुणाचे नवे कमिट दिसले तर थांबणारा ‘फोर्स-विथ-लीज’ वापरा, नाहीतर सहकाऱ्याचे कमिट उडतील. (मध्येच फेच केलं, म्हणजे सर्व्हरवरचे ताजे कमिट उतरवून घेतले असतील, तर हे कवचही निकामी.) शिवाय एकाच ओळीचा कॉन्फ्लिक्ट कमिटगणिक पुन्हा भेटू शकतो, म्हणून किरकोळ कमिट आधीच स्क्वॉश (एकत्र) करा.

शाखेवर एकटेच असाल तर रिबेस, दोघे असाल तर मर्जच बरा.