होमस्कूलिंग, ख्रिस्ती शाळा, की नेहमीची शाळा आणि घरची उपासना? मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी निवड करताना

हा प्रश्न पालकांना साधारण दोनदा पडतो. एकदा मूल पहिल्यांदा शाळेत घालायची वेळ येते तेव्हा. पुन्हा दहा-अकराव्या वर्षी, जेव्हा ते शाळेतून असा एखादा शब्द किंवा व्हिडिओ घेऊन येतं की आईबापांची झोप उडते. दुसऱ्या वेळचा निर्णय बहुधा घाबरून घेतलेला असतो, आणि घाबरून सुरू केलेलं होमस्कूलिंग लवकर दमतं. मूल घरी आलं की भीती ओसरते आणि समोर उरतात अपूर्णांक.

पर्याय तीन धरू. पूर्ण होमस्कूलिंग, म्हणजे पवित्र शास्त्रापासून विज्ञानापर्यंत सगळं घरीच. ख्रिस्ती शाळा, जिथे प्रार्थना आणि शास्त्राचा तास वेळापत्रकात असतो. आणि नेहमीची शाळा, तिच्या जोडीला घरी कौटुंबिक उपासना आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळा (मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा). चौथा पर्यायही आहे, ‘शिकेल हळूहळू, देव बघून घेईल’. तो अनेक घरांत चालतो, पण त्यात तुलना करण्यासारखं काही नाही.

शास्त्राचा कौल कुणाला?

होमस्कूलिंग करणारे अनुवाद 6:7 पुढे करतात: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी देवाच्या आज्ञांविषयी बोलत राहा. वचन भक्कम आहे, पण त्यातून वेळापत्रक निघत नाही. ज्यांची मुलं शाळेत जातात तेही घरी बसतात, वाटेने चालतात, निजतात आणि उठतात. वचन जबाबदारी कुणाची ते सांगतं, आणि ती आईबापांची आहे. ती शाळेवर, पाळकांवर किंवा शब्बाथशाळेच्या ताईंवर ढकलता येत नाही, एवढं मात्र स्पष्ट आहे.

प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचं उदाहरणही असंच दोन्हीकडे झुकतं. त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, आणि मग घराबाहेरचा पौल त्याला पुढे घेऊन गेला.

मार्टिन ल्यूथरला तर दोन्ही बाजू आपला मानू शकतात. 1524 मध्ये त्याने जर्मन शहरांच्या नगरपालांना पत्र लिहून शाळा काढायचा आग्रह धरला, आणि कारण स्पष्ट दिलं: पुष्कळ पालकांना शिकवता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना वेळ नसतो. पुढे 1529 मध्ये त्यानेच ‘लहान प्रश्नोत्तरी’ (विश्वासाची मूलतत्त्वं प्रश्न-उत्तरांतून शिकवणारं पुस्तक) लिहिली आणि तिच्या भागांवर स्पष्ट नोंदवलं की कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावं. यात मला विसंगती दिसत नाही. लिहिणं-वाचणं शाळेत शिकता येईल, पण दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना बापाच्या तोंडून ऐकलेली असावी, एवढाच त्याचा हट्ट होता.

वेळ कुणाकडे आहे?

होमस्कूलिंगच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा गणिताचा आहे. शब्बाथशाळा आठवड्याला एक तास. सुट्ट्या आणि आजारपणं वजा केली तर वर्षाला चाळीस-पन्नास तास. शाळेचे तास हजाराच्या घरात. या चाळीस तासांनी त्या हजार तासांना तोंड द्यावं अशी अपेक्षा करणं शब्बाथशाळेवर अन्याय आहे. मुळात ती त्यासाठी निघालीच नव्हती. 1780 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी चालवलेल्या रविवारच्या शाळा आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी होत्या. विश्वासू आईबापांची जागा घेण्याचा विचार त्यात नव्हता.

होमस्कूलिंगमध्ये हजेरी, रांगा, तास बदलणं हे सगळं गळतं, त्यामुळे प्राथमिक वयात दिवसाला दोन-तीन तासांचा नेटका अभ्यास पुरतो. उरलेल्या वेळात लूकचं शुभवर्तमान घाई न करता वाचता येतं, आजारी माणसाला भेटायला मुलाला सोबत नेता येतं. पण तो वेळ कुणाचा जातो? बहुतेक घरांत ठरवतात दोघं आणि शिकवते एकटी आई. निर्णयाआधी नवऱ्याने आठवड्यातले कोणते दोन विषय आपले, हे कागदावर लिहून द्यावं. तो लिहायला कचरत असेल तर उत्तर मिळालंच.

या चर्चेत मेथडिस्ट चळवळीच्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना वेस्ली यांचं नाव येतंच. एकोणीस मुलं झाली, त्यातली दहा वाचली, आणि ती घरी शिकली, रोज सहा तास. एवढं सगळे सांगतात. पुढचं फार कुणी सांगत नाही: जॉन दहा वर्षांचा झाल्यावर लंडनच्या चार्टरहाउस शाळेत गेला आणि चार्ल्स वेस्टमिन्स्टर शाळेत. आणि ज्याची आठवण जॉनला राहिली तो अभ्यासाचा तास नव्हता. आई आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाला एकट्याला द्यायची, फक्त बोलायला. जॉनचा वार गुरुवार. मोठेपणी ऑक्सफर्डहून लिहिलेल्या पत्रात त्याने आईकडे त्या गुरुवारातला थोडा वेळ मागितला. अशी संध्याकाळ तिन्ही पर्यायांत देता येते.

सत्य शिकवणं आणि ‘चांगलं वागणं’ शिकवणं

इथे ख्रिस्ती शाळेची तपासणी जरा कडक करायला हवी. पाटीवर संताचं नाव आणि सकाळी प्रार्थना असली म्हणजे विश्वासाचं शिक्षण होतं असं नाही. अनेक ठिकाणी शास्त्राच्या तासाचं ‘नीतिमूल्यं’ होऊन जातं: खरं बोला, मदत करा, मोठ्यांचा मान राखा. यात चूक काही नाही, पण यासाठी वधस्तंभाची गरज पडत नाही. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांच्या धर्मजीवनाचा मोठा अभ्यास केला. 2005 मध्ये त्यांनी मांडलेलं चित्र असं होतं की चर्चला जाणाऱ्या पुष्कळ मुलांचा देव म्हणजे लांबून बघणारा, अडचणीला धावणारा आणि ‘छान वागा’ म्हणणारा कुणीतरी आहे. पाप, कृपा, पश्चात्ताप, पुनरुत्थान यांविषयी त्यांना बोलता येत नव्हतं. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा की मुलांच्या विश्वासावर सगळ्यात मोठा सामाजिक प्रभाव पालकांचाच असतो.

म्हणजे होमस्कूलिंग जिंकलं का? तसं नाही. घरीही हाच घोटाळा होतो, उलट जास्त होतो, कारण घरी ‘चांगलं वागणं’ आईबापांच्या सोयीचं असतं.

यावर जुना उपाय म्हणजे प्रश्नोत्तरी. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (1563) मध्ये 129 प्रश्न आहेत आणि ते वर्षाच्या 52 रविवारांत वाटलेले आहेत. वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरीत 107 प्रश्न. हायडेलबर्गचा पहिलाच प्रश्न विचारतो की जीवनात आणि मरणात तुझं एकमेव सांत्वन काय. मूल कसं वागतं, हा विषय बराच नंतर येतो. दहा आज्ञा तिसऱ्या भागात, उपकारस्तुतीखाली येतात. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आठवड्याला दोन-तीन प्रश्न रात्रीच्या उपासनेत सहज बसतात, मूल कुठल्याही शाळेत जात असलं तरी. कॅथलिक घरांत धर्मशिक्षणाचा वर्ग हेच काम करतो, फक्त तिथेही पालकांनी घरी उजळणी घ्यायला हवी.

नीती शिकायला माणसं लागतात

होमस्कूलिंगचं बळ आणि उणीव दोन्ही इथे दिसतात. 1970 मध्ये टेक्ससमध्ये सुरू झालेल्या एसीई या ख्रिस्ती अभ्यासक्रमात मूल पुस्तिका सोडवतं आणि उत्तरसूची घेऊन स्वतःच तपासतं. इतर अनेक संचांतही उत्तरांचं पुस्तक घरातल्याच कपाटात असतं. एक दिवस वहीत आठही गणितं बरोबर येतात, पण रीत एकाचीही नसते. सहाव्या गणितात उत्तर आधी शाईने लिहिलंय आणि वजाबाकी नंतर पेन्सिलीने कशीबशी त्याच्याशी जुळवलीय. वर्गात हे सापडलं असतं तर मार्क कापले गेले असते आणि विषय संपला असता. घरी त्या दिवशी गणित बाजूला ठेवता येतं. का केलंस, कशाची भीती वाटली, लबाडी कुठून सुरू झाली, क्षमा कशी मागतात, यावर अख्खी सकाळ जाऊ शकते, आणि ती वाया जात नाही. हा होमस्कूलिंगचा खरा फायदा आहे, आणि तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही.

पण काही धडे घरात मिळत नाहीत. आपण न निवडलेल्या माणसाशेजारी वर्षभर बसणं. सगळे कॉपी करत असताना आपण न करणं. ज्याने क्षमा मागितलीच नाही त्याला क्षमा करणं. चांगल्या शोमरोन्याचा दाखला शिकवायला वाटेवर एक अनोळखी माणूस पडलेला लागतो, आणि नीट राखलेल्या घरात अनोळखी माणूस येत नाही. शाळेत तो रोज भेटतो. बाबेलात खास्द्यांची विद्या शिकूनही न बाटलेल्या दानिएलाचं नाव शाळावाले याच जागी घेतात. मान्य, पण दानिएल तेव्हा सहा वर्षांचा नव्हता, आणि आपण कुठे थांबायचं हे त्याने बाबेलात पोचल्यावर पहिल्यांदा शिकलं नव्हतं.

एकच चेहरा

होमस्कूलिंगवर ‘मुलं एकलकोंडी होतात’ हा आक्षेप सगळे घेतात. मला तो दुय्यम वाटतो. भावंडं, मंडळी, खेळ यांतून तो बराच सुटतो. खरी अडचण वेगळी आहे. घरी शिकवणारी आई, गणिताची शिक्षिका, शिस्त लावणारी आणि देवाचं वचन सांगणारी एकच व्यक्ती असते. शाळेतल्या मुलाला गणिताच्या सरांचा राग आला तर तो घरी येऊन आईला सांगतो. होमस्कूलिंगमधल्या मुलाने तो कुणाला सांगायचा? शुद्धलेखनाचा कंटाळा केला की ‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ हे वचन ऐकायला मिळालं, तर काही वर्षांत आळस, चूक आणि पाप यांची सरमिसळ होते. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी जे बंड व्याकरणाविरुद्ध व्हायला हवं होतं ते देवाविरुद्ध होतं. पौल इफिसकरांना लिहितो की बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका. चोवीस तास एकाच छताखाली हे वचन पाळणं सोपं नाही.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे व्हर्न बेंगस्टन यांनी 1970 पासून पस्तीस वर्षं अनेक पिढ्यांच्या कुटुंबांचा मागोवा घेतला. विश्वास पुढच्या पिढीत उतरतो की नाही हे पालक किती धार्मिक आहेत यावरच ठरत नाही. नात्यातली ऊब, विशेषतः बापाशी असलेली जवळीक, फार महत्त्वाची असते, असं त्यांना दिसलं. म्हणून माझा निकष साधा आहे: होमस्कूलिंगमुळे तुमचं नातं मऊ होत असेल तर करा, कडक होत असेल तर थांबा.

आणि घरी शिकवायचंच असेल तर मुलाच्या आयुष्यात घराबाहेरची दोन-तीन विश्वासू मोठी माणसं ठरवून आणा, ज्यांच्याशी ते तुमच्या गैरहजेरीत बोलू शकेल. यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. ज्या मुलाला बाहेरचं कुणीच नियमित पाहत नाही, त्याचं दुखणं कुणाला कळत नाही. पाळकांनी होमस्कूलिंगचं कौतुक करताना हेही विचारायला हवं.

अभ्यासक्रम विकत घेण्याआधी

तयार ख्रिस्ती संच सोयीचे असतात, पण नमुन्याची पानं मागवून तीन गोष्टी वाचा. विज्ञानात पृथ्वीचं वय: बरेचसे अमेरिकी प्रोटेस्टंट संच ते काही हजार वर्षंच मानतात, तर कॅथलिक चर्च आणि अनेक प्रोटेस्टंट उत्पत्तीचा पहिला अध्याय तसा वाचत नाहीत. इतिहासात गुलामगिरी आणि वसाहती. आणि तिसरं, तुमच्याहून वेगळ्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांविषयी भाषा कशी आहे. तुमचं मत काहीही असो, मुलाने पुढे विद्यापीठात दुसरी बाजू पहिल्यांदाच ऐकावी अशी वेळ आणू नका. शार्लट मेसन (1842–1923) यांची पद्धत, म्हणजे छोटे तास, चांगली पुस्तकं आणि वाचलेलं मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगणं, अशी दडपून शिकवत नाही. मला ती लहान मुलांसाठी सगळ्यांत बरी वाटते. शास्त्रकथा ऐकून मुलाने परत सांगितली की त्याला काय कळलं आणि काय नाही हे लगेच दिसतं.

कायदा देशागणिक फार वेगळा आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत होमस्कूलिंगला परवानगी आहे, पण टेक्ससमध्ये नियम ढिले आणि न्यूयॉर्कमध्ये अहवाल व चाचण्या. स्वीडनमध्ये 2010 च्या शिक्षण कायद्यानंतर फक्त अपवादात्मक परिस्थितीत. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, आणि धार्मिक कारण देऊन तिथल्या पालकांनी नेलेली तक्रार युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2006 मध्ये ग्राह्य धरली नाही. आपल्याकडे नियम काय आहेत ते आधी लेखी मिळवा. अधिकाऱ्यांना खोटं सांगून मुलाला सत्य शिकवायला बसणं जरा अवघडच.

माझा कौल

दोन्ही पालक तयार, एकाचा वेळ पूर्ण मोकळा, मुलाशी नातं मोकळं, आणि जवळ जिवंत मंडळी असेल तर सुरुवातीची चार-पाच वर्षं होमस्कूलिंग उत्तम. मंडळी नसेल तर मी नको म्हणेन, बाकी सगळं असलं तरी. ख्रिस्ती शाळा निवडायची तर मुख्याध्यापकांना एकच विचारा: शास्त्राचा तास कोण घेतं आणि तो परीक्षेच्या आठवड्यात रद्द होतो का? बहुसंख्य घरांसाठी मात्र नेहमीची शाळा, रोजची पंधरा मिनिटांची उपासना आणि बापाने स्वतः घेतलेली प्रश्नोत्तरी हाच झेपणारा मार्ग आहे, आणि तो दुय्यम मानायचं कारण नाही.

निर्णय एका मुलापुरता आणि एका वर्षापुरता घ्या. धाकट्याला थोरल्याचं माप लावू नका. घरी शिकवत असाल तर वह्या, चाचण्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि तारखा पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. मध्येच शाळेत परत घालायची वेळ आली तर प्रवेशाच्या टेबलावर तेच मागतात.