पासवर्ड मॅनेजर बदलून बरेच महिने झाले, आता लिहिते: कीपासएक्ससी, थोडं बिटवॉर्डन आणि भरपूर ऑटो-टाइप

मी कोथरूडला घरून अकाउंट्सचं काम करते. क्लायंट बहुतेक भोसरीतली छोटी वर्कशॉप्स आणि लक्ष्मी रोडवरची दुकानं. प्रत्येकाचं जीएसटी पोर्टल वेगळं, इन्कम टॅक्स वेगळा, टीडीएसचं ट्रेसेस पोर्टल, पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, वर नेटबँकिंग. आधी सांगून ठेवते कारण पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका जागी कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर, ही माझी हौस नाहीये, तो उघडला नाही तर माझं सकाळचं काम सुरूच होत नाही.

आधी जो वापरायचे तो पैसे भरून घेतलेला, परदेशी कंपनीचा. नाव घेत नाही, कारण डॉलरमधल्या बऱ्याच सबस्क्रिप्शनचं आपल्याकडे हेच होतं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरवर्षी आपोआप पैसे कापायचे असतील तर ई-मँडेट, म्हणजे तशी आगाऊ परवानगी, नोंदवलेलं लागतं आणि कापायच्या २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवावं लागतं. नियम चांगलाच आहे, माझ्या सासऱ्यांचे पैसे एका ॲपने असेच गुपचूप कापले होते ते या नियमानंतर थांबलं. पण ज्या कंपन्यांनी आपल्या बँकांसाठी ती सोय केलीच नाही त्यांचं रिन्युअल फेल होतं, आणि माझं झालं ते नेमकं थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, भरायच्या दिवसांत, महिन्याची २० तारीख तोंडावर आलेली असताना. खातं एकदम रीड-ओन्ली. जुने पासवर्ड बघता येतात पण नवीन काही सेव्ह करता येत नाही, आहे ते बदलता येत नाही. त्याच दिवशी एका क्लायंटच्या पोर्टलने पासवर्ड एक्स्पायर झाला म्हणून नवीन करायला लावला. नवीन केला, आता ठेवू कुठे? ज्या कामासाठी दरवर्षी पैसे भरत होते तेच काम मी चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने केलं. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की बँकेशी बोला, बँकेला फोन केला तर म्हणे मॅडम, मर्चंटकडून रिक्वेस्टच आमच्याकडे आलेली नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते आणि माझं काम मात्र अडलेलंच.

पैशाचंही सांगते. वर्षाचे साधारण तीन हजार, त्यावर बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे डॉलरमध्ये पैसे भरल्याचा जादा आकार, त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. मी दुसऱ्यांचे जीएसटी भरून पोट भरते, मला हे असे थर डोळ्यात खुपतात. तेव्हाच ठरवलं की आता परत डॉलर मोजायचे नाहीत.

बदलताना एक गोष्ट शिका माझ्याकडून. मॅनेजर घेताना लोक फीचर बघतात, त्यातून बाहेर कसं पडायचं ते आधी बघा. माझ्या नशिबाने रीड-ओन्ली असतानाही एक्स्पोर्ट चालू होतं, सगळ्या नोंदींची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, मिळाली. पण सीएसव्हीत फक्त अक्षरं येतात, जोडलेल्या फाइली येत नाहीत. क्लायंटच्या पॅनच्या कॉपी आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटं मी नोंदींना जोडून ठेवली होती, ती सगळी एकेक करून डाउनलोड करावी लागली, रविवार त्यातच गेला. आणि ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह कधीच करू नका. कस्टमर आयडीच्या सुरुवातीची शून्यं उडतात, लांब आकड्यांचं एक पॉइंट दोन तीन ई प्लस अकरा असलं काहीतरी होऊन बसतं, आणि ते कळतं कधी तर बँकेने लॉगिन नाकारल्यावर. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये बघा. त्या फाइलीत सगळे पासवर्ड उघडे असतात, त्यामुळे ती क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका आणि काम झालं की शिफ्ट-डिलीट करा, रिसायकल बिनमध्येही राहायला नको.

आता कीपासएक्ससी. हे फुकट आहे, ओपन सोर्स आहे, सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत आणि ती फाइल आपल्या लॅपटॉपवर. मूळचं कीपास २००३ पासूनचं, हे त्याच्याच फाइलीचा साचा वापरणारं वेगळं सॉफ्टवेअर. कंपनी नाही त्यामुळे रिन्युअल नाही, रिन्युअल नाही त्यामुळे मँडेट नाही. २०२२ मध्ये लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरवर हल्ला झाला तेव्हा चोरांनी ग्राहकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या, कॉपीच उचलल्या, आत पासवर्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, होते पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते. माझ्या क्लायंटचं खातं कुठल्या बँकेत आहे एवढं कळलं तरी फोन करून गंडवणाऱ्याचं अर्धं काम होतं, त्यामुळे पत्त्यांसकट सगळंच कुलूपबंद असलेली फाइल आपल्या हातात बरी हे मला पटलं.

पण खरं सांगू का, मी याच्या प्रेमात पडले ते ऑटो-टाइपमुळे. स्पेसिफिकेशनमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. ब्राउझरचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, वेबपेजच्या चौकटीत पासवर्ड भरतं. ऑटो-टाइप मात्र कीबोर्ड बडवल्यासारखं एकेक अक्षर टाइप करतं, समोर जी विंडो असेल तिच्यात. आधी बँकेच्या पानावर युजर आयडीच्या चौकटीत क्लिक करायचं, मग कीपासएक्ससीत येऊन नोंद निवडायची, कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबायचं. कीपासएक्ससी स्वतः बाजूला होतं, बँकेचं पान समोर येतं आणि टकटकटक आयडी, टॅब, पासवर्ड.

याचं कौतुक एवढ्यासाठी की आपल्याकडच्या कित्येक बँका पासवर्डच्या चौकटीत पेस्ट बंद करून ठेवतात. अमेरिकेच्या निस्ट या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलंय की पेस्ट करू द्या, त्याने लोक लांब आणि अवघड पासवर्ड ठेवतात. आपल्याकडे अजून उलटंच चाललंय. पेस्ट बंद केली की माणूस काय करतो? सोपा पासवर्ड ठेवतो, मुलाचं नाव आणि जन्मसाल. माझ्या क्लायंटपैकी निम्म्यांचे पासवर्ड असेच होते आणि त्यात त्यांची काही चूक नाही, रोज वीस अक्षरं हाताने कोण टाइप करणार.

त्यात अजून एक, नोंदीनुसार क्रम बदलता येतो. मुळात क्रम असतो युजरनेम, टॅब, पासवर्ड, एंटर. बँकेच्या पानावर पासवर्डनंतर कॅप्चा असतो, तिथे एंटर मारला की कॅप्चा चुकला म्हणून पान परत पहिल्यापासून. म्हणून मी बँकांच्या सगळ्या नोंदींमधून शेवटचा एंटर काढून तिथे टॅब टाकला. आता पासवर्ड भरून कर्सर थेट कॅप्चावर येऊन थांबतो. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला उलटं, तिथे एका चौकटीतून दुसरीत एंटरने जातात, म्हणून युजरनेम, एंटर, पासवर्ड, एंटर. हो, टॅलीत चालतं! ब्राउझरबाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड भरणारा मॅनेजर मी आधी बघितला नव्हता. अक्षरं फार भराभर पडून एखादं गळत असेल तर दोन अक्षरांमधला वेळ सेटिंगमध्ये वाढवता येतो, टॅलीसाठी मी वाढवलाय. एकाच ठिकाणी चालत नाही, डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, साइनर सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल तर त्याच्या विंडोत साध्या प्रोग्रॅमला टाइप करायला विंडोजच परवानगी देत नाही. तो पिन मी हातानेच टाकते, तसंही ठराविक वेळा चुकला की सहीचं यूएसबी टोकन लॉक होतं, तिथे हातच बरा.

पहिले काही महिने मी भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत होते. आता थोडं बदलून सांगते.

एक म्हणजे ऑटो-टाइप वेबसाइटचा पत्ता बघत नाही, फार तर विंडोचं नाव जुळवतं. बँकेच्या पानासारखं हुबेहूब खोटं पान कुणी केलं तर ऑटो-टाइप तिथेही इमानदारीने पासवर्ड टाइप करून देईल. एक्स्टेंशन मात्र पत्ता जुळला नाही तर भरतच नाही, आणि ते न भरणं हीच धोक्याची घंटा असते. म्हणून जिथे एक्स्टेंशन चालतं तिथे आता एक्स्टेंशनच, कीपासएक्ससीचं स्वतःचं आहे. ऑटो-टाइप फक्त पेस्ट बंद असलेल्या ठिकाणी आणि टॅलीत, आणि बँकेचं पान बुकमार्कवरूनच उघडायचं, मेलमधल्या लिंकवरून नाही. शिवाय कर्सर कुठे आहे ते बघूनच बटणं दाबा. व्हॉट्सॲप वेब समोर असेल तर पासवर्ड तिथे जाईल आणि शेवटच्या एंटरने सेंडही होईल.

दुसरं म्हणजे घर. फोनवर मी कीपासडीएक्स घेतलं, तेही फुकट, फाइल क्लाउडवरून येते. एकटीला हे जमतं. फोनवर आणि लॅपटॉपवर एकाच वेळी बदल केला तर दोन फाइली तयार होतात, मग कीपासएक्ससीत डेटाबेस मेनूतून मर्ज करायच्या, दोन मिनिटांचं काम. पण हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला गॅसचं बिल भरायचंय, तुझी फाइल मर्ज नाही करायची." बरोबर आहे त्याचं. महावितरण, एमएनजीएल, महापालिकेचा मिळकत कर, मुलांच्या शाळेचं ॲप, हे दोघांनाही लागतं आणि मी क्लायंटकडे असताना तो फोन करून पासवर्ड विचारणार हे काही बरोबर नाही.

म्हणून घरासाठी बिटवॉर्डन. त्यात पासवर्ड कितीही, फोन-लॅपटॉप कितीही, फुकट, आणि दोन माणसांची ऑर्गनायझेशनही फुकट करता येते ज्यात दोघांना सामाईक पासवर्ड दिसतात. नवरा-बायकोला पुरतं. फाइल जोडायची असेल किंवा सहा आकडी ओटीपी कोड त्याच नोंदीत हवा असेल तर पैसे पडतात, पण ते दोन्ही कीपासएक्ससीत फुकट मिळतं आणि मला ते क्लायंटच्या कामालाच लागतं, त्यामुळे अडत नाही. नवरा आता स्वतः बिलं भरतो, मे महिन्यात सवलत संपायच्या आत मिळकत करही त्यानेच भरला. मला याचं जेवढं समाधान आहे तेवढं ऑटो-टाइपचंही नसेल.

सासऱ्यांना मात्र मी काहीच बदलायला लावलं नाही. बँकेने फुकट दिलेली खिशातली डायरी, तिच्यात निळ्या पेनने सगळं लिहिलेलं, कपाटात कुलपात. त्यांना बँकेचं पान आणि पेन्शनचं पोर्टल एवढंच लागतं. ऑनलाइन चोर कपाटापर्यंत येत नाही. फक्त यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन तिच्यातून काढून टाकायला लावला.

मास्टर पासवर्ड, म्हणजे सगळं उघडणारा एकच पासवर्ड, विसरला तर काय, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. कीपासएक्ससीत मग काहीच करता येत नाही, फाइल गेली समजा. फरगॉट पासवर्डचं बटणच नाही कारण पलीकडे कुणी बसलेलंच नाही. मी तो पाच मराठी शब्दांचा ठेवलाय, एकमेकांशी संबंध नसलेले, आणि कागदावर लिहून बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये. फाइलीची एक कॉपी पेनड्राइव्हवर, दर तिमाहीचं रिटर्न झालं की नवीन कॉपी टाकते.

पासकीबद्दलही, म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरायच्या डिजिटल किल्लीबद्दलही, विचारणा होते. कीपासएक्ससीत २०२४ मध्ये आलेल्या २.७.७ व्हर्जनपासून पासकी ठेवता येतात, चालतात. पण माझा सगळा राग ज्यावरून सुरू झाला तोच प्रश्न तिथे आहे, एका मॅनेजरमधून दुसऱ्यात नेता येतात का? पासवर्ड निदान सीएसव्हीतून तरी बाहेर येतो, पासकीचं तसं सरळ नाही. पासकीचे नियम ठरवणाऱ्या फिडो अलायन्स या कंपन्यांच्या गटाने एकीकडून दुसरीकडे सुरक्षित नेण्यासाठीच्या पद्धतीचा मसुदा ऑक्टोबर २०२४ मध्ये काढला. ती सोय मी वापरते त्या दोन्हीकडे नीट चालताना स्वतः बघेपर्यंत क्लायंटच्या कुठल्याही खात्याला मी पासकी लावणार नाही, लांब पासवर्ड आणि ओटीपी एवढंच ठेवलंय.