वेस्टव्लेटरन 12 बियरच्या नावाखाली बेळगावात फसवणूक चालू आहे, पैसे पाठवायच्या आधी वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बाहेरच्या बियर शोधणारी बरीच मंडळी आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. आमचे पैसे गेले ते गेले, पण बनावट बाटल्या देणारा तो माणूस अजून विकतोय.

वेस्टव्लेटरन 12 म्हणजे बेल्जियममधल्या सिंट-सिक्स्टस मठातले साधू बनवतात ती बियर, 10.2 टक्के अल्कोहोल, गडद तपकिरी. 2005 मध्ये रेटबियर या बियरला गुण देणाऱ्या वेबसाइटवर जगात एक नंबर आली आणि तिथून लोक तिच्या मागे लागले, पण साधू मठाचा खर्च निघेल एवढीच बनवतात. आधी नाव नोंदवायचं, मठात जाऊन 24 बाटल्यांचं लाकडी क्रेट उचलायचं आणि पुढे विकणार नाही असं कबूल करायचं, ही तिथली जुनी रीत. आणि वर्षानुवर्षं तिच्या बाटलीवर कागदाचं लेबलच नसायचं, जे काय छापायचं ते सगळं पिवळ्या झाकणावर असायचं.

हे सगळं खरं आहे आणि त्या माणसाने अगदी हेच आम्हाला सांगितलं. म्हणून विश्वास बसला. लेबल का नाही विचारलं तर नेटवर बघा म्हणाला, नेटवर बघितलं तर तसंच. म्हणजे बनावट लेबल छापायचा त्रासच नाही, रिकामी बाटली आणि झाकण असलं की झालं, आणि दोन्ही गोळा करणाऱ्यांकडून विकत मिळतात, झाकण बसवायचं हातमशीनही स्वस्तात येतं.

व्हॉट्सॲप ग्रुपमधून ओळख झाली. गोव्यात पाहुणा आणतो, मी चोर्ला घाटातून घेऊन येतो म्हणाला. एका बाटलीला साडेचार हजार, "जुनी 2015 ची" असेल तर सात हजार, अर्धे आधी यूपीआयवर. रात्री बेळगावच्या कॅम्पात गाडीवरून येऊन बाटल्या देऊन गेला.

मित्राचा थोरला भाऊ बेल्जियमला कामाला होता, त्याने मठासमोरच्या कॅफेत ही बियर प्यायलेली. त्याच्यासमोर उघडली. ग्लासात ओतली तर सोनेरी, आरपार दिसणारी. त्याने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला, "अरे ही ती नव्हे की रे, ही आपली स्ट्राँग हाय. पिऊ नका कोण." खऱ्या 12 मध्ये बाटलीतच पुन्हा आंबवण होते, त्यामुळे तळाशी यीस्टचा गाळ असतो, इथे तळ स्वच्छ. झाकणाच्या कडेला पक्कडीचे वळ. आणि "2015 ची" म्हणून दिलेल्या बाटलीच्या झाकणावर 2015 च होतं, पण झाकणावर असते ती संपायची तारीख, भरल्यापासून तीन वर्षांनंतरची, म्हणजे 2015 ला भरलेलीवर 2018 हवं. त्या माणसाला स्वतःलाच हे माहीत नव्हतं.

मला पैशापेक्षा जास्त राग याचा आहे की उघडून परत बंद केलेल्या बाटलीत कुणी काय ओतलंय हे सांगता येत नाही आणि लोक ती घरच्या कार्यक्रमात भावाला, सासऱ्यांना कौतुकाने देतात. रीतसर आयात झालेल्या बाटलीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि वैधानिक इशारा असतोच, मूळ बाटली बिनलेबलची असली तरी. ते नसेल तर हात लावू नका.

तक्रार कुणी करत नाही कारण बिल नाही, आणि गोव्याची दारू परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, लोक घाबरतात आणि त्याचा धंदा त्यावरच चाललाय. मी तरी सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर यूपीआयचा व्यवहार कळवलाय, तुमचेही पैसे गेले असतील तर कळवा.

आता नंबर बदलून निपाणी-चिकोडीकडच्या ग्रुपमध्ये आलाय असं कळलं, फोटो तोच, लाल चादरीवर ओळीने मांडलेल्या पिवळ्या झाकणाच्या बाटल्या. बाटली उजेडासमोर धरून तळाचा व्हिडिओ पाठव म्हणा, आम्ही नंतर मागितला तर लगेच ब्लॉक केलं.