स्पिट्झचे पिल्लू, चावरेपणा आणि शी-शूची शिस्त : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फेब्रुवारीत आमच्याकडे स्पिट्झ जातीचे पिल्लू आले आणि त्याच्यामागोमाग दुकानातून व ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचा ढीग आला. त्यात घडीचे जाळीचे कुंपण, तारेचा पिंजरा, शू शोषून घेणारे पॅड, एन्झाइमयुक्त क्लीनर, चावायची रबरी खेळणी आणि फर्निचरवर मारायचा कडू स्प्रे एवढे सगळे होते. या वस्तूंच्या पाकिटांवरच्या सूचना बहुधा मोठ्या शहरातल्या फ्लॅटकडे बघून लिहिलेल्या असतात. पुढे ओटा, मागे अंगण, घरभर कोटा फरशी, नळाला दररोज पाणी नाही आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास, अशा जळगावच्या घरात त्यांचा कितपत उपयोग होतो, हे आता सांगता येण्याइतका काळ गेला आहे. घाईत असलेल्यांसाठी मत आधीच देते. कुंपण आणि क्लीनर जरूर घ्यावेत, पिंजरा घ्यायचा तर लहान घ्यावा, अंगण असेल तर पॅड घेऊ नयेत आणि स्प्रे कोणीच घेऊ नये.

आधी पिल्लाविषयी थोडेसे. आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून जे विकले जाते, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झच असते. खरा पॉमेरेनियन पूर्ण वाढल्यावरही साडेतीन किलोंच्या आत राहतो. आमचा भुऱ्या आत्ताच त्याच्या पुढे गेला आहे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, असे केंद्र सरकारचे 2017 चे नियम सांगतात. तरीही विक्रेत्याने तो जेमतेम दीड महिन्याचा असताना आमच्या हाती दिला. चावा किती जोराचा झाला की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो, हे पिल्लू आईजवळ आणि भावंडांमध्ये शिकत असते. ती शिकवणी अर्धवट सुटल्यामुळे भुऱ्याचा चावा सुरुवातीला फारच कडक होता. पिल्लू घेणाऱ्यांनी जातीच्या कागदांपेक्षा वयाची चौकशी आधी करावी.

आता पॅड. पॅडवर शू करायला पिल्लू लवकर शिकते, याबद्दल शंका नाही. आमचाही आठवड्याभरात शिकला. अडचण त्यानंतर सुरू होते. पायाखाली कोणता पृष्ठभाग लागला की बसायचे, ही सवय कुत्र्याला फार कोवळ्या वयात लागते. पॅड म्हणजे शेवटी मऊ, कापडासारखी वस्तू. त्यामुळे पॅडवर तरबेज झालेल्या भुऱ्याने पायपुसणे, सतरंजी आणि एकदा सासूबाईंची उन्हात घालण्यासाठी काढून ठेवलेली गोधडी, या सर्वांना त्याच हिशेबात धरले. पॅड बंद केले, त्याच्या ओल्या तुकड्याचा वास लागलेली माती अंगणाच्या कोपऱ्यात टाकली आणि त्याला प्रत्येक वेळी तेथेच नेऊ लागलो, तेव्हा गाडी रुळावर आली. शिकवलेले विसरायला लावण्यात जो वेळ गेला, तो पहिल्यापासून अंगण वापरले असते तर लागला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर नेऊ नये, असे पशुवैद्य सांगतात आणि ते बरोबरच आहे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो, आणि त्याविरुद्धच्या लसीचे डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. मात्र रस्ता किंवा मैदान वेगळे आणि भटकी कुत्री शिरत नाहीत असे स्वतःचे बंदिस्त अंगण वेगळे. ज्यांचे घर वरच्या मजल्यावर आहे, त्यांनी पॅडऐवजी गॅलरीत घमेल्यात किंवा प्लॅस्टिकच्या पसरट टबमध्ये वाळू आणि माती मिसळून ठेवावी. पुढे बाहेर नेताना पायाखालची ओळख तीच राहते. निव्वळ काळी माती मात्र नको. आपली काळी माती ओली झाली की पांढऱ्या केसांना आणि पंजांना अशी चिकटते की प्रत्येक वेळी धुवावे लागते. पावसाळ्यात आम्ही पत्र्याच्या आडोशाखाली मुरमाचा एक पट्टाच टाकून घेतला, कारण भर पावसात हे महाशय दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नसत आणि आत येऊन दिवाणाखाली उरकून घेत.

शूची शिस्त लागते ती मुख्यतः वेळेने. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवला की तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. पण तो झोपेतल्या पिल्लाला लागू पडतो आणि लहान जातींमध्ये मूत्राशयही लहान असल्याने त्याहून कमीच धरावा. जागे असलेले दोन महिन्यांचे पिल्लू अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर न्यावेच लागते. शिवाय झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर आणि खेळ संपल्यावर. इतक्या लहान जातीच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावे लागते, कारण उपाशी राहिल्यास त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरू शकते. म्हणजे खाण्यानंतरच्या फेऱ्याही तितक्याच.

घड्याळापेक्षा खात्रीचे म्हणजे पिल्लाचे स्वतःचे इशारे. भुऱ्या चेंडूमागे धावता धावता मध्येच थबकतो, चेंडू तोंडातून सोडतो, नाक फरशीला लावून दिवाणाच्या पायाकडे वळतो आणि एक छोटा गोल घेतो. मागचे पाय किंचित फाकले, की हातात तीन-चार सेकंद उरलेले असतात. तेवढ्यात न ओरडता त्याला उचलून कोपऱ्यात नेणे आणि तेथे झाल्याबरोबर, घरात परतल्यावर नव्हे, जागच्या जागी बक्षीस देणे, हे सगळ्यांत उपयोगी पडले. बक्षिसासाठी दुकानातल्या महागड्या बिस्किटांची गरज नाही. उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा किंवा केळ्याचा बारीक काप पुरतो, आणि जळगावात केळ्याला तोटा नाही. भरीत किंवा शेवभाजी लागलेल्या भाकरीचा तुकडा मात्र प्रेमापोटीही देऊ नये, कारण कांदा आणि लसूण कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय करतात.

हे इशारे दिसायचे तर पिल्लू नजरेसमोर हवे, आणि घडीच्या कुंपणाचे खरे काम तेच आहे. अख्ख्या घरात मोकळे सोडलेले पिल्लू लांबच्या खोलीचा कोपरा शोधते. आम्ही बैठकीच्या खोलीत चार-पाच फुटांची जागा आखली आणि चुका कमी होत गेल्या तसतशी एकेक खोली उघडली. घेताना उंची पाहून घ्यावी. लहान जात म्हणून सर्वांत बुटके कुंपण घेतले, तर चौथ्या महिन्यात पिल्लू त्यावर पाय टेकून पलीकडे उतरते. पिंजरा रात्रीसाठी उत्तम, पण त्यात उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा असावी, कारण मोठ्या पिंजऱ्यात पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करते. उन्हाळ्यात आपल्याकडे तारेचाच पिंजरा घ्यावा, तोही कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत ठेवावा. प्लॅस्टिकचा बंद डबा मे महिन्यात भट्टी होतो. रात्री पाण्याचे भांडे काढून ठेवावे, असा सल्ला जागोजागी मिळतो. तो थंड हवेच्या गावासाठी ठीक असेल, खान्देशच्या उन्हाळ्यात पाळू नये. आम्ही पाणी ठेवले आणि पहाटे एकदा उठणे पत्करले.

क्लीनरबद्दल आग्रहाने सांगते. आपल्याकडे घरोघरी फिनाईलने फरशी पुसतात. त्याने आपल्या नाकाला स्वच्छ वाटते. कुत्र्याच्या नाकाला जुनी खूण तेथेच लागते, कारण शूमधील युरिक आम्ल पाण्याने नीट निघत नाही आणि फरशीच्या सांध्यांत मुरते. पिल्लू पुन्हा त्याच जागी बसते ते याच वासामुळे. एन्झाइमचा, म्हणजे हे आम्ल मोडून टाकणारा, द्राव टाकून तो निदान दहा-पंधरा मिनिटे ओला ठेवला, तर फरक पडतो; लगेच पुसून घेतल्यास पैसे वाया जातात. तसेच त्याआधी किंवा त्यावर फिनाईल टाकू नये, कारण जंतुनाशकाने एन्झाइम निकामी होऊ शकतात. काळे फिनाईल तर पिल्लू असलेल्या घरात नकोच, पंजे चाटताना ते पोटात जाते. द्राव स्वस्त नाही, पण पाणी जपून वापरावे लागणाऱ्या घरात रोज बादल्या ओतण्यापेक्षा तो परवडतो. नाक शूमध्ये घासणे किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी उगारणे, हे जुने उपाय शेजारून बरेच सुचवले गेले. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसांदेखत शू करायची नाही, आणि मग ते सोफ्यामागे जाते.

चावण्याचा त्रास याहून जास्त पुरला. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात, सुईसारखे टोकदार. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 कायमचे दात येतात. आमच्याकडे हा काळ नेमका एप्रिल ते जुलैमध्ये आला, म्हणजे हिरड्यांची खाज आणि उन्हाची काहिली एकदमच. सासूबाईंचे म्हणणे एकच होते, "त्याले दात येई राह्यनात ना!" आणि त्यात तथ्य होते, पण लुगड्याचा काठ धरून ओढणे आणि पळणाऱ्या मुलीच्या टाचा पकडणे हा दातांचा भाग नव्हता, तो खेळ होता. जे हलते त्याला धरायचे आणि समोरून किंकाळी आली की दुप्पट जोमाने धरायचे, असा तो खेळ. दुखल्यावर मोठ्याने 'आई गं' करावे, हा उपाय काही पिल्लांना लागू पडतो. भुऱ्याला त्याने आणखी चेव येत असे. उपयोगी ठरले ते जागच्या जागी थांबणे, हात बांधून घेणे आणि गप्पपणे कुंपण ओलांडून अर्धा मिनिट पलीकडे जाणे. चावले की माणूस नाहीसे होते, हे त्याला कळले, परंतु घरातले सगळे तसेच वागू लागल्यानंतरच. एकाने हात काढून घ्यायचा आणि दुसऱ्याने त्याच हाताने कुस्ती खेळायची, असे चालले होते तोपर्यंत काहीही बदलले नाही.

ब्रिटिश पशुवैद्य आणि श्वान-प्रशिक्षक इयान डनबार यांचा क्रम मला पटला. त्यांच्या मते चावणे एकदम बंद करू नये. आधी फक्त जोराच्या चाव्यावर खेळ थांबवून जबडा हळू वापरायला शिकवावे आणि नंतर चावण्याची वारंवारता कमी करत आणावी. यासाठी धीर लागतो, पण एखाद्या दिवशी शेपटीवर पाय पडला तरी तो कुत्रा नुसते दात टेकवून सोडतो, याची शक्यता वाढते. तोंड दाबून धरणे टाळावे; त्याने हात जवळ आला की पिल्लू आधीच तोंड उघडते.

दिवेलागणीच्या सुमारास भुऱ्या रोज अक्षरशः पिसाळल्यासारखा घरभर धावत सुटे आणि दिसेल ते चावे. त्याला व्यायाम कमी पडतो, असे सर्वांचे निदान होते. खरे कारण झोप होती. या वयाचे पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या घरात त्याला तेवढी झोप मिळतच नाही. दुपारी आणि संध्याकाळी पाचला त्याला पडदा टाकलेल्या पिंजऱ्यात झोपवू लागल्यापासून सातचा तमाशा जवळजवळ थांबला.

चावण्याच्या वस्तूंत पोकळ रबरी खेळणे टिकले. त्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये ठेवले की उन्हाळ्यातली एक दुपार निघते. पिळून गोठवलेला सुती कपडा हिरड्यांना तितकाच आराम देतो आणि त्याला काही खर्च नाही, फक्त धागे सुटू लागले की फेकून द्यावा. शिट्टीची मऊ खेळणी दोन दिवसांत फाटली. शिजवलेले हाड कधीही देऊ नये, त्याच्या चिरफळ्या होतात. कडू स्प्रे भुऱ्याने चाटून साफ केला.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर मिळते. त्याआधी, त्यातही पिल्लाचा पूर्वेतिहास माहीत नसताना, दाताने ओरखडा निघाला किंवा रक्त आले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सरकारी रुग्णालयात माणसांसाठीची रेबीजची लस मोफत मिळते. हळद किंवा चुना लावून बसू नये.

सहाव्या महिन्यानंतर तोंडात डोकावून पाहणेही आवश्यक आहे. लहान जातींत दुधाचा सुळा न पडता नवा सुळा शेजारी उगवतो, मधल्या फटीत अन्न अडकते आणि दात वाकडे येतात. आमच्याकडे वरचा एक सुळा असा राहिला होता. नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत तो काढून घ्यायचे पशुवैद्यांनी ठरवले आहे.

आजच्या घडीला घरात शू होत नाही, एका प्रसंगाचा अपवाद सोडून. पाहुणे आले आणि वाकून त्याच्या डोक्यावर हात फिरवू लागले की आनंदाच्या भरात दोन थेंब सांडतातच. तो शिस्तीचा दोष नसल्याने त्यावर रागावून उपयोग नाही, उलट ते वाढते. म्हणून आता भेटीगाठी आधी ओट्यावर होतात, पाहुण्यांना पहिली दोन मिनिटे त्याच्याकडे लक्ष न देण्याची विनंती केली जाते आणि मगच सगळे आत येतात.