उजवीकडे वाढलेली चटणी

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या रात्री बेळगावात आमच्या टिळकवाडीतील घरी २३ माणसे जेवायला होती. कोल्हापूरचे दीर-जाऊ, पुण्याची नणंद, खानापूरचा माझा भाऊ आणि निपाणीच्या आत्याबाई, म्हणजे यजमानांच्या आत्या, असा सगळा गोतावळा बऱ्याच वर्षांनी एका पंगतीला बसणार असल्यामुळे पानात काय काय वाढायचे याची यादी मी दसऱ्यापासूनच करीत होते. याच यादीच्या आधाराने मला ११,१०० रुपयांना फसवण्यात आले. सणासुदीला बाहेरून पदार्थ मागवणाऱ्या कोणत्याही घरात हे घडू शकते, म्हणून झाला प्रकार जसाच्या तसा लिहीत आहे.

गव्हाची खीर, मसालेभात, आमसुलाचे सार आणि लहान मुलांसाठी पुऱ्या एवढे घरी करायचे ठरले होते. खिरीचे गहू भिजवून, सडून, शिजवायचे म्हणजे दोन दिवसांचे काम, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाला देण्याचा प्रश्नच नव्हता. अडचण होती ती पानाच्या डाव्या बाजूची आणि भाकरीची. आमच्याकडे भाकरी करायला येणाऱ्या मावशी दिवाळीसाठी गावी गेल्या होत्या, आणि कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, कोशिंबीर हे सगळे दिसायला किरकोळ असले तरी त्यातल्या प्रत्येकासाठी वेगळे भाजणे, कुटणे, चिरणे असते. पाहुण्यांना खीर आवडते आणि आठवण मात्र चटणीची राहते, असा माझा अनुभव आहे. म्हणून ४० कडक भाकऱ्या, चार किलो भरली वांगी, दोन्ही चटण्या अर्धा-अर्धा किलो, ३० मांडे आणि दोन किलो कुंदा, म्हणजे इथली खव्याची मिठाई, बाहेरून आणायचे मी ठरवले.

त्याच सुमारास फेसबुकवर एक जाहिरात दिसली. केळीच्या पानावर वाढलेल्या सुंदर जेवणाचे छायाचित्र, खाली ‘खडेबाजार, बेळगाव’ असा पत्ता आणि व्हॉट्सॲपचा क्रमांक. बेळगावात खडेबाजार दोन आहेत, एक शहरातला आणि एक शहापुरातला, म्हणून मी नेमका कोणता असे विचारले, तर ‘मेन’ असे उत्तर आले. त्या उत्तराशी मी थांबायला हवे होते. मी मात्र माझ्या सोयीने शहरातला असे गृहीत धरले.

त्यानंतर चार दिवस आमचे जे बोलणे झाले ते मी पुढे अनेकदा वाचून पाहिले. त्या वेळी मला वाटले होते की या माणसाला आपल्याकडच्या जेवणाची उत्तम जाण आहे. प्रत्यक्षात जाण सगळी माझी होती. वांग्यात कारळे आणि गूळ दोन्ही हवेत असे मी लिहिले, तर ‘हो ताई, कारळे आणि गूळ दोन्ही घालतोच’ असे तो लिहीत असे. भाकरी पातळ आणि कडक हवी असे म्हटले की ‘पातळ आणि कडकच असते आपली’. त्याने स्वतःहून एकही शब्द पदार्थाविषयी सांगितला नव्हता. सांगितला तो एकदाच, मांड्यांविषयी, आणि तोही चुकीचा. पण त्याबद्दल पुढे लिहिते.

एकूण ७,४०० रुपये ठरले आणि निम्मी रक्कम, म्हणजे ३,७०० रुपये, आगाऊ मागितली गेली. पैसे पाठवताना मोबाईलच्या पडद्यावर ज्याच्या खात्यात ते जाणार त्याचे नाव दिसते. तिथे दुकानाचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे अनोळखी नाव होते. मी विचारले, तेव्हा ‘हिशेब बघणाऱ्या मुलाचे खाते आहे’ असे सांगण्यात आले, आणि दुकानात असे असू शकते म्हणून मी पैसे पाठवले.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, खिरीचे गहू चुलीवर असताना, त्याचा फोन आला. गाडी मिळत नसल्यामुळे ऑर्डर रद्द करावी लागत आहे, तुमचे पैसे आत्ताच परत करतो, फक्त पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा, असे तो अत्यंत अजिजीने सांगत होता. स्कॅन केल्यावर ७,४०० हा आकडा दिसला. मी म्हटले, मी तर ३,७०० दिले होते. त्यावर तो म्हणाला, सिस्टीममध्ये पूर्ण ऑर्डरची रक्कम दिसते, जमा तेवढीच होईल. संध्याकाळी २३ माणसे आणि भाकरीचा पत्ता नाही, या धास्तीत मी पिन टाकला आणि खात्यातून ७,४०० रुपये गेले. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेणाऱ्याला पिनही टाकावा लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही, बँकेचे संदेश मीही वाचते. पण एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात फोन असताना ती आठवली नाही. ‘चुकून कापले गेले, आता दोन्ही मिळून ११,१०० परत करतो’ असे म्हणत त्याने आणखी एक कोड पाठवला, तेव्हा मुलाने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

मुलगा १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर बोलत असताना आत्याबाई चष्मा लावून ते सगळे संदेश वाचत बसल्या होत्या. त्यांना यूपीआय कळत नाही, पण स्वयंपाक कळतो. ‘मांडे ताजेच खावे लागतात, दुसऱ्या दिवशी खराब होतात, म्हणून त्याच दिवशी आणतो’ असे त्याने लिहिले होते. ते वाचून त्या म्हणाल्या, “अगं, मांडे कधी एका दिवसात खराब होतात का? लग्नाच्या घरी आठवडाभर आधी करून ठेवतो की आपण.” उपड्या भांड्यावर भाजलेला, आत पिठीसाखर, खसखस भरून घडी घातलेला मांडा चांगला टिकतो, हे बेळगावात मांडे विकणाऱ्याला ठाऊक नसणे शक्य नाही. कुंद्याचा भाव त्याने किलोला १८० रुपये लावला होता. किलोभर खव्याला म्हशीचे चार-पाच लिटर दूध आटवावे लागते. कुंद्यातील साखरेचा भाग वजा केला तरी त्या भावात दुधाचे पैसेसुद्धा निघत नाहीत. मी ते स्वस्त म्हणून खूश झाले होते, हे कबूल करते.

मग त्यांनी जाहिरातीतले छायाचित्र मोठे करून पाहिले आणि विचारले, “हे पान कुणी वाढलंय? चटणी, कोशिंबीर, लिंबू सगळं उजवीकडं, आणि भाजी डावीकडं?” मुलाने पाहिले तेव्हा कोपऱ्यातल्या तुपाच्या बरणीवरची अक्षरेही उलटी होती. कोणाचे तरी छायाचित्र उचलून, ते ओळखू येऊ नये म्हणून आरशातल्यासारखे फिरवून लावलेले होते. अन्न परवान्याचा म्हणून जो फोटो त्याने मला पाठवला होता त्यावरील क्रमांकात १३ अंक भरले. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवाने देणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचा, क्रमांक १४ अंकी असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

तो माणूस हिंदीत बोलत होता आणि मराठीत लिहीत होता, त्याचा मला संशय आला नाही, कारण इथल्या मिठाईच्या धंद्यात राजस्थानातून येऊन पिढ्यान्पिढ्या राहिलेली घराणी आहेत. मात्र त्या घराण्यांतील माणसे मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलतात. आत्याबाईंनी माझ्याच फोनवरून त्याला फोन लावून “एष्ट गंटेक बर्तीरी?” (किती वाजता येणार?) एवढेच कन्नडमध्ये विचारले, पलीकडून ‘हॅलो, हॅलो, आवाज नही आ रहा’ आले आणि फोन बंद झाला.

१९३० वर तक्रार पैसे गेल्यापासून सुमारे तासाभरात नोंदवली गेली. त्यांनी व्यवहारांचे क्रमांक, वेळ आणि समोरच्या खात्याचा यूपीआय पत्ता विचारला. म्हणून संदेश किंवा व्यवहारांच्या नोंदी रागाच्या भरात पुसून टाकू नयेत. दुसऱ्या दिवशी सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे पाहणाऱ्या, पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली. २,९०० रुपये समोरच्या खात्यात गोठवले गेल्याचे नंतर कळले, बाकीचे तोवर पुढे निघून गेले होते. गोठवलेली रक्कम अजून माझ्याकडे आलेली नाही.

त्या रात्रीचे जेवण झाले. भावाने वडगावातून कडक भाकऱ्या आणल्या, यजमान बाजारात रांगेत उभे राहून कुंदा घेऊन आले, जाऊबाईंनी खर्डा केला, नणंदेने शेंगदाणे कुटले, आणि मांडे मात्र राहिले ते राहिले. वांग्यांऐवजी मटकीची उसळ झाली.

आता संक्रांत जवळ आली आहे. परवा मुलाने मला एक नवी जाहिरात दाखवली. दुकानाचे नाव वेगळे, क्रमांक वेगळा, पत्ता निपाणीचा, आणि यादीत भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, राळ्याचा भात असे सगळे आहे. छायाचित्र तेच आहे. चटणी अजून उजवीकडेच वाढलेली आहे.