‘छुपा मोड’ विकणारे भेटले तर फोन ठेवा: मुलांच्या गाडीवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नावाखाली आमची फसवणूक

मूल अठरा वर्षांचं झालं, लायसन्स हातात आलं आणि ते स्कूटर घेऊन एकटं बाहेर पडू लागलं की आईबापाच्या जिवाला घोर लागतो. त्या घोरावर धंदा करणारे सध्या जोरात आहेत. आमच्या घरातून त्यांनी जवळपास तीस हजार रुपये नेले. तक्रार झाली आहे, पैसे अजून अडकलेलेच आहेत. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही पुण्यात वडगाव बुद्रुकला राहतो आणि लेकीचं कॉलेज कात्रजच्या बाजूला, म्हणजे रोज महामार्गावरचा नवले पूल. नवीन कात्रज बोगद्यापासूनचा तो उतार, ब्रेक निकामी झालेले ट्रक आणि तिथले अपघात पुणेकरांना वेगळे सांगायला नकोत. तिचा ‘पोचले’ असा मेसेज येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागत नसे. अशात फेसबुकवर जाहिरात दिसली: मुलांची गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक किती जोरात लागला, सगळं पालकांच्या फोनवर. पहिला आठवडा एका रुपयात.

नंबर भरला आणि पाच-दहा मिनिटांत फोन आला. बोलणारा तरुण, स्वच्छ मराठी, आवाजात अगत्य. नवले पुलाचा विषय त्यानेच काढला, कारण फॉर्ममध्ये पत्ता होताच. “मॅडम, वाईट बातमी यायला एक क्षण पुरतो,” हे त्याचं वाक्य अजून कानात आहे. अ‍ॅप प्ले स्टोअरवर का नाही, असं विचारलं तर उत्तर तयार होतं: तिथली अ‍ॅप मुलांना दिसतात आणि मुलं ती काढून टाकतात, आपल्याकडे छुपा मोड आहे, मुलीला सांगूच नका. मग व्हॉट्सअ‍ॅपवर दोन एपीके (प्ले स्टोअर टाळून अ‍ॅप थेट बसवायच्या) फाइली आल्या, एक माझ्या फोनसाठी, एक तिच्या.

फोनने अडवायचा प्रयत्न केला होता, हे मुद्दाम सांगते. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरून आणलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी सहज मिळत नाही; ते बटण करडं होतं आणि ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ असा इशारा येतो. त्यावरची वाट त्याला तोंडपाठ होती: अ‍ॅप इन्फोमध्ये जा, वरचे तीन ठिपके दाबा, ‘अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ करा. धोकादायक अ‍ॅप पकडणारं गूगलचं प्ले प्रोटेक्टही त्याने बंद करायला लावलं. एसएमएस, नोटिफिकेशन, अ‍ॅक्सेसिबिलिटी, सगळ्या परवानग्या एकामागून एक देववल्या.

या परवानग्यांचा अर्थ नीट समजून घ्या. एसएमएसची परवानगी म्हणजे ओटीपी त्यांच्या हातात. नोटिफिकेशनची म्हणजे वर येणारी प्रत्येक सूचना वाचता येते आणि पुसूनही टाकता येते. अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणजे स्क्रीनवरचं सगळं दिसतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. गाडी कुठे आहे आणि किती वेगात आहे हे कळायला यातलं काहीही लागत नाही, त्याला लोकेशन पुरतं.

राहिला तो एक रुपया. तो साधा पेमेंट नव्हता, यूपीआय ऑटोपेचं मँडेट, म्हणजे पुढे आपोआप पैसे कापायला दिलेली आगाऊ संमती होती. वर ठळक अक्षरांत १ रुपया आणि खाली बारीक अक्षरांत ‘कमाल रक्कम १४,९९९’, कधी कापायचे त्यापुढे ‘अ‍ॅज प्रेझेंटेड’, म्हणजे ते मागतील तेव्हा. आकडा असा का, हे नंतर कळलं. पंधरा हजारांपर्यंतच्या ऑटोपेला पहिल्यांदा पिन टाकला की पुढे दर वेळी टाकावा लागत नाही. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बंधनकारक आहे, आणि बँकेचे मेसेज आलेही होते. इनबॉक्समध्ये खाली पडून होते. वरची सूचना मात्र मला एकदाही दिसली नाही.

उलगडा झाला तो एका रविवारी. लेक माझ्यासमोर ओट्यापाशी मटार सोलत होती. तिचा फोन टेबलावर चार्जिंगला, स्कूटर खाली पार्किंगमध्ये, किल्ली दारामागच्या खिळ्याला. आणि माझ्या फोनवर लाल पट्टी आली: ‘धोका! वेग ताशी ७४ किमी, नवले पूल.’ नकाशावर तिचा ठिपका महामार्गावरून सरकत होता. खाली बटण होतं, ‘थेट आवाज ऐका, प्रीमियम घ्या’. म्हणजे आधीच्या ज्या इशाऱ्यांवरून मी त्या पोरीला रात्री-अपरात्री बोलले, तेही असेच बनवलेले असणार. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे. लगेच बँकेचं स्टेटमेंट उघडलं, तर १४,९९९ दोनदा गेलेले.

त्यानंतर काय केलं तेही सांगते, कारण इथे क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही फोनचं इंटरनेट बंद केलं आणि नवऱ्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग बँकेला कळवून खात्यावरचं यूपीआय थांबवलं, मँडेट रद्द करून घेतलं. बँकेतून ‘पिन तुम्हीच टाकला’ हे ऐकावं लागलं. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लक्षात ठेवा: ग्राहकाकडून चूक झाली असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लेखी घ्याच. अ‍ॅप काही केल्या निघेना, कारण त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क, म्हणजे फोनवरचा खास ताबा, घेतला होता. शेवटी दोन्ही फोन फॅक्टरी रीसेट केले आणि दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले. लेकीचे फोटो, चॅट त्या लोकांनी किती पाहिले असतील, या विचाराने अजून झोप उडते.

आता निवड करायचीच असेल तर. फक्त कुठे आहे एवढं हवं असेल तर गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग किंवा आयफोनचं ‘फाइंड माय’ फुकट आहे, आणि मुलाच्या संमतीने चालतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी गूगलचं फॅमिली लिंक, तेही फुकट. पालकांसाठीच्या अ‍ॅपने स्वतःला लपवता कामा नये, मुलाच्या फोनवर त्याची सूचना कायम दिसली पाहिजे, असा प्ले स्टोअरचा नियमच आहे. म्हणून ‘छुपा मोड’ हा शब्द ऐकलात की तिथेच थांबा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये स्पायफोन नावाच्या अशाच लपून चालणाऱ्या अ‍ॅपला पाळतीच्या धंद्यातूनच बाहेर काढलं. नावाजलेल्या अ‍ॅपचीही गोपनीयतेची अट वाचा. लाइफ३६० कुटुंबांचं लोकेशन माहितीचा व्यापार करणाऱ्या दलालांना विकतं, हे डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालं होतं. त्यानंतर नेमकं लोकेशन विकणं बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

या जाहिराती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या पालकांनाही दाखवतात. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं. बाकी गाडी दिलीत तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. कुठलंही अ‍ॅप त्यातून वाचवत नाही.

अशा जाहिरातीवर ज्यांनी एक रुपया भरला असेल त्यांनी आजच यूपीआय अ‍ॅपमधला ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हा भाग उघडावा. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं की आधी ते रद्द करा, मग १९३० ला फोन करा. फोनवर एपीके टाकलेली असेल, तर मात्र त्याचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० ला आणि बँकेला कळवून मँडेट रद्द करून घ्या.